कुंडावरची शिफ्ट

थंडी पडली की माझ्या जावयाच्या डोक्यात सहलीचा किडा वळवळायला लागतो. यंदा त्याने गरम पाण्याचं कुंड काढलं. तो भिलाईजवळ नंदिनी गावाला चुनखडीच्या खाणीत आहे. आठवडाभर पांढरी धूळ खाणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी घरी अंघोळ करून झोपावं, पण नाही. "आई, तुमचे गुडघे दुखतात ना? डोंगरात कुंड आहे. जीप करू, सकाळी निघालं की संध्याकाळी परत." मी इतक्या जोरात नाही म्हटलं की त्याला वाटलं आपलंच काही चुकलं.

स्वयंपाकघरातून वैजू, म्हणजे माझी मुलगी, म्हणाली, "आई एकदा जाऊन आली आहे. मीही गेले होते म्हणे."

"गेली होतीस," मी म्हटलं, "आणि सगळा दिवस माझ्या कडेवर होतीस."

शाळेला नाताळची सुटी असली की मी नंदिनीला येते. वैजू खाणीच्या दवाखान्यात कामाला आहे, तिची मुलगी वर्षाची झाली आहे, आणि माझी सुटी म्हणजे तिच्या सांभाळणाऱ्या बाईची सुटी, असं इथे ठरून गेलंय. माझं मत कुणी विचारलं नाही. ते असो. कुंडाचं नाव निघालं आणि मला ती थंडी आठवली, जी मी मुद्दाम आठवत नाही, कारण आठवली की माझं डोकं फिरतं.

आता भिलाईच्या सेक्टरांत झाडं इतकी माजली आहेत की वारा कुठून येतो ते कळत नाही. तेव्हा कळायचं. कारखाना उभा राहत होता, रस्त्याच्या कडेला झाडं लावलेली होती, पण ती उंचीने माझ्या कमरेपर्यंतसुद्धा नव्हती. वारा कापलेल्या धानाच्या बांध्यांवरून सरळ क्वार्टरच्या दारात यायचा. सकाळी प्रत्येक दारापुढे सिगडी पेटायची. त्या धुरात शेजारीण दिसायची नाही, तिचा खोकला ऐकू यायचा, आणि खोकल्यावरूनच कोण कुठे उभं आहे ते ओळखायचं. वाळत घातलेल्या धोतरावर दुपारपर्यंत लाल पूड बसायची. संध्याकाळी भट्टीतली वितळलेली मळी ओतली की अर्धं आकाश पेटायचं. नवीन आलेली माणसं दारात येऊन तोंड वासून पाहत राहायची. महिन्याभराने तीच माणसं त्या उजेडात तांदूळ निवडायची.

त्या थंडीत, धान घरात आल्यावर, माझ्या सासूबाई भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाहून राहायला आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंना भिलाईतलं काहीही आवडलं नाही. नळ आवडला नाही, कारण तो त्याच्या मर्जीने येतो. लाखोरीची भाजी शेतातून खुडायची सोडून बाजारातून आणायची, हे आवडलं नाही. आणि सगळ्यात मोठा राग जमिनीवर. गावी सारवलेल्या भुईवर बसायची सवय, इथे सिमेंट. "हे सिमिट चावते," त्या म्हणायच्या. "माहे टोंगळे खाऊन टाकले यानं." टोंगळे म्हणजे गुडघे. दिवसातून किती वेळा हा शब्द ऐकावा लागायचा, ते मी सांगत नाही. संक्रांत झाली की मी गावाले जातो, हे त्यांनी आल्या दिवशीच जाहीर केलं होतं. आमच्याकडे बायकाही "मी जातो" असंच म्हणतात.

मला त्या राहायला हव्या होत्या. मायेपोटी नव्हे, खोटं कशाला सांगू. मी मॅट्रिक झाले होते, आमच्या सेक्टरात नवी प्राथमिक शाळा उघडत होती, आणि संक्रांतीनंतर रुजू व्हा, असं मला सांगितलं होतं. वैजू दीड वर्षाची होती. घरी तिला बघायला कुणी असलं तर नोकरी, नसलं तर नाही. तिसरा मार्ग नव्हता. यांच्या शिफ्टा आलटूनपालटून, आणि शिफ्ट कुठलीही असो, हे घरी आले की झोपायचे. झोपलेल्या माणसाच्या भरवशावर रांगतं, धावतं पोर सोडता येत नाही.

मी आत्याबाईंना सरळ विचारलं, "राहता का?" त्यांनी उत्तर गुडघ्यांवर ढकललं. "टोंगळ्याले आराम पडला तं राहीन. नाई पडला तं कावून राहू?"

झालं. माझी नोकरी दोन म्हाताऱ्या गुडघ्यांवर येऊन बसली.

अशा वेळी ठवकर भाऊजी आले. ते माझ्या नवऱ्याच्याच खात्यात होते, खुर्सीपारला राहायचे. त्यांचं काम एका रशियन साहेबाच्या हाताखाली असल्यामुळे त्यांना सगळ्या जगाची माहिती होती. त्या साहेबाने त्यांना सांगितलं होतं म्हणे, की त्यांच्या देशात कामगाराला सुटीत डोंगरातल्या गरम पाण्यात बसायला पाठवतात. हाडं मोकळी होतात. साहेबाला मराठी येत नव्हती, ठवकरांना रशियन येत नव्हती. मग हे कळलं कसं, असं मी विचारलं.

"वहिनी, हातवाऱ्यानं सगळं समजते," ठवकर म्हणाले.

मैकलच्या डोंगरात असं एक कुंड आहे, हे शोधून काढायला त्यांना दोन दिवस लागले नाहीत. छत्तीसगढी लोक त्याला तातापानी म्हणायचे. त्यांच्या बोलीत तात म्हणजे गरम. या नावाची ठिकाणं आणखीही आहेत, आणि आम्ही गेलो ते नेमकं कुठलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ट्रकच्या मागे पाठ टेकून बसले होते, मला फक्त मागे पडलेला रस्ता दिसला.

माझं म्हणणं साधं होतं. भट्टीपुढे आठ तास भाजून निघणाऱ्या माणसांनी सुटीच्या दिवशी गरम पाण्यात कशाला बसायचं? त्यांना एखाद्या थंड ओढ्यावर न्या. पण आत्याबाईंनी ऐकलं होतं.

"गरम पानी? आपल्या मनानं भुईतून निंगते?"

"हाव आत्या," ठवकर म्हणाले. "वाफ निंगते वाफ."

"मंग चाला."

मग मी काय बोलणार? गुडघे त्यांचे होते, पण त्यांच्यावर बसले होते मी.

ठवकरांनी ठेकेदाराचा ट्रक मिळवला आणि कुंडाची चौकशीही करून ठेवली. तिथली रीत अशी होती की सकाळी बायकांनी नहायचं, सूर्य माथ्यावरून कलला की पुरुषांनी. म्हणजे बायकांना दुपारच्या आत पोचायला हवं. यांची त्या आठवड्यात रात्रपाळी. ठवकरांनी योजना आखली की ट्रकने सगळ्यांना गोळा करत कारखान्याच्या गेटवर थांबायचं, सहाचा भोंगा झाला की पुरुषोत्तम, म्हणजे आमचे हे, बाहेर येतील, आणि तिथूनच निघायचं. योजना ऐकायला चांगली होती. ठवकरांच्या सगळ्याच योजना ऐकायला चांगल्या असायच्या.

भोंगा झाला. गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर आला. हे आले नाहीत. लोंढा संपला तरी आले नाहीत. शेवटी एकजण सायकल थांबवून ओरडला, "पुरुषोत्तम अडकला! त्याचा रिलीव्हर नाई आला!"

भट्टीवरच्या माणसाला शिफ्ट संपली म्हणून उठून येता येत नाही. त्याच्या जागी येणारा, तो रिलीव्हर, आला आणि त्याने काम हातात घेतलं की मगच याची सुटका. तो नाही आला, तर दुसरा कुणी मिळेपर्यंत हा तिथेच. सेक्टरातल्या प्रत्येक बायकोला हा नियम पाठ होता. गरम केलेला भात पुन्हा गरम करता करता तो पाठ होतो.

आत्याबाई ट्रकमध्ये गोधडी पांघरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरा नाई आला तं यानं काहाले थांबाव? भट्टी का याच्या बापाची हाये?"

"आत्या, भट्टी एकटी सोडता येत नाई," ठवकर म्हणाले.

"मी चूल सोडून पान्याले जातो नाई का?"

"चूल वेगळी, आत्या."

"काई वेगळी नाई. आग थे आग. काय म्हनते त्या न येणाऱ्या मुडद्याले?"

"रिलीव्हर."

"रिलीवर," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुढचा सगळा वेळ त्या शब्दाला अशा शिव्या देत बसल्या की ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढायला गेला.

मी म्हटलं, "आपण निघू. हे घरी जाऊन झोपतील. नाहीतरी तिथे येऊन झोपणारच आहेत." त्या सकाळी ट्रकमध्ये कुणी काही शहाणपणाचं बोललं असेल तर ते हे. पण आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माहा पोरगा आत भाजून राहिला, अन् मी आंगधुवाले जाऊ?" संपलं. आमच्या शेजारच्या रामटेकेबाई, गोंदियाकडच्या, मोठ्या हसऱ्या बाई, त्यांनी गेटवरच्या टपरीतून चहा आणून सगळ्यांना दिला. एकट्या आत्याबाईंनी घेतला नाही. तिखट पुऱ्या गार होत होत्या, वैजूने एक पुरी कुस्करून माझ्या केसांत घातली, आणि ऊन वर चढत होतं.

हे आले तेव्हा तोंड काळं, डोळे लाल. "चला," म्हणाले, ट्रकमध्ये चढले, स्टेपनीवर डोकं ठेवलं आणि झोपले. माणूस कामाला चुकला नाही म्हणून आपल्याला उशीर झाला, तर त्याला रागावता येत नाही. हा सगळ्यात वाईट राग. तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

रस्त्याचं काय सांगू? सालाचं जंगल सुंदर असतं म्हणतात. ट्रकच्या मागून ते धुळीच्या रंगाचं असतं. वैजूला दोनदा उलटी झाली. ठवकर वाटेतल्या प्रत्येक डोंगराकडे बोट दाखवून "हाच असन" म्हणायचे. आत्याबाई हादऱ्यासरशी गुडघे दोन्ही हातांनी धरायच्या, जसं कुणी टोपलीतली मडकी धरतं, आणि दर वेळी माझ्याकडे पाहायच्या, जसं काही रस्ता मी बांधला होता.

पोचलो तेव्हा सावल्या दुसऱ्या बाजूला पडायला लागल्या होत्या.

कुंड लहानसंच होतं. चारी बाजूंनी दगड रचलेले, उतरायला चार-सहा ओबडधोबड पायऱ्या, पाण्यावर वाफ, आणि गंधकाचा वास, जो आम्हा कारखानेवाल्यांना नवा नव्हता. आमच्याकडे वारा फिरला की तो फुकट घरात येतो. वरच्या अंगाला एका खळग्यात पाणी उकळत होतं. गावातल्या बायका त्यात फडक्यात बांधलेले तांदूळ सोडून जायच्या आणि शिजलेला भात घेऊन यायच्या. खाली मोहाच्या झाडाखाली गावचा बैगा, म्हणजे तिथला पुजारी, काठी आडवी ठेवून बसला होता.

त्याने आम्हा बायकांकडे पाहून हात हलवला. "अब नइ होवय दाई. अब मरद मन के बेरा हे."

आता पुरुषांची वेळ. भाषांतर कुणालाच लागलं नाही.

ठवकरांच्या खांद्यावर टॉवेल होता, हातात साबण होता. ते म्हणाले, "चला मंग. आपली शिफ्ट सुरू झाली." मी त्यांच्याकडे कसं पाहिलं, ते ठवकर अजून लोकांना सांगतात.

आत्याबाई एका दगडावर टेकल्या. मांडीवर कोरड्या लुगड्याची घडी. त्यांनी शिवी दिली नाही, बैगाशी भांडल्या नाहीत, मला त्याचीच भीती वाटली. थोडा वेळ वाफेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहिलं. झालं. चाला वापस." गावाला जायचं ठरवलेल्या माणसाचा तो आवाज होता. मला शाळेची खोली दिसली, नवीन रंगाच्या वासाची, आणि खुर्चीवर दुसरीच कुणी बाई.

तेवढ्यात हे ट्रकमधून उतरून डोळे चोळत खाली आले. "काय झालं?" कुणीतरी सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. झोपेतून उठलेल्या माणसाला बाकी काही सुचत नाही, रोजचं काम तेवढं सुचतं. ते म्हणाले, "त्यात काय? म्युच्युअल करू."

कारखान्यात दोघांनी आपसांत राजीखुशीने शिफ्ट बदलली की त्याला म्युच्युअल म्हणत. हे बैगापुढे उकिडवे बसले आणि मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत त्याला समजावू लागले, की बबा, आत्ताची वेळ आमची, ती आम्ही या बायकांना दिली, यांची सकाळ आमच्याकडे राहिली. बैगाला शिफ्ट कळली नाही, पण कोण कुणाला काय देतोय ते कळलं. तो म्हणाला, वेळ तुझ्या एकट्याची नाही, इथे थांबलेल्या सगळ्या पुरुषांची आहे. त्यांना विचार. लाकडाच्या गाड्या सोडून तीन गावकरी बसले होते. यांनी एकेकाजवळ जाऊन विचारलं, अगदी फोरमनपुढे विचारावं तसं. त्यातला म्हातारा हसला. "दाई ला नहावन दे. हमन तो रोज के हन."

राहिले ठवकर.

"मी एवढ्या दुरून आलो, पुरुषोत्तम..."

तेव्हा त्यांची बायको, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "तुमी रोज भट्टीपुढं उबता. आज एक दिवस थंडे राहा!"

बायका इतक्या हसल्या की बैगालाही हसू आलं. ठवकरांनी साबण खिशात घातला.

पुरुष वळणापलीकडे गेले. यांना वाटेवर पहारा दिला. हे कुंडाकडे पाठ करून झाडाला टेकले आणि लगेच झोपले. पहारा झोपला, पण पाठ फिरली नाही, एवढं खरं.

आत्याबाई पायरीशी अडल्या. रामटेकेबाई आधीच पाण्यात होत्या, त्यांनी हात वर केला. "या माय, धरा माह्या खांद्याले." आमच्या गावी त्यांच्या माणसांची विहीर वेगळी, आमची वेगळी. आत्याबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग खांद्यावर हात ठेवला, उतरल्या, आणि दोघी गळ्यापर्यंत एका पाण्यात बसल्या. कुणी काही म्हणालं नाही. पाणी इतकं कडक होतं की सगळ्यांची तोंडं "आई गं" म्हणण्यातच गुंतली होती. गावी गेल्यावर आत्याबाईंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पण रामटेकेबाईंचा चहा त्या दिवसानंतर त्यांना चालायला लागला, तोही रोज.

मी काठावर होते. वैजू कडेवर. सगळ्या बायका पाण्यात, प्रत्येकीचं एकच, "थांबा वहिनी, दोन मिनिटं, मी येतो." कुणी येत नव्हतं. मी तरी कशाला आले असते? वाफ तोंडावर घेत मी उभी होते आणि मनात म्हणत होते, अडलेली नोकरी माझी, पुऱ्या माझ्या, आणि कोरडी मी एकटी.

आत्याबाईंनी पाण्यातून पाहिलं. मग त्या उठल्या. कुणाचा हात न धरता पायऱ्या चढून वर आल्या, लुगडं बदललं, दगडावर बसल्या आणि हात पुढे केले.

"आन तिले इकडं. जा तू."

"आत्याबाई, तुमचे गुडघे..."

"टोंगळ्याचं मंग पाहू. जा म्हनलं ना."

मी उतरले. आधी वाटलं, भाजलं. मग वाटलं, दीड वर्षात पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे आहेत. त्यांचं काय करायचं असतं ते मी विसरले होते. मी ते नुसते पाण्यावर ठेवून दिले. तिथे ते तरंगत राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. वरून वैजूच्या रडण्याचा आवाज आला आणि थांबला, आणि तो थांबवायला मी गेले नव्हते. कुंडातून मला काही मिळालं असेल तर एवढंच. मग बैगाने दगडावर काठी आपटली. वेळ संपली.

परतताना मी मनाशी हिशेब मांडत होते. कुणाचा हात न धरता वर चढल्या. म्हणजे गुण आला. ट्रक डांबरी रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "आराम वाटते ना आत्याबाई?"

"काई फरक नाई."

"मग पायऱ्या कशा चढल्या?"

"वारा सुटला होता. ओलं लुगडं आंगाले चिपकून राहिलं. तिथं उभी राहतो का मी?"

मी तोंड फिरवून बसले. त्या क्षणी मला कुंडाचा, ठवकरांचा, रशियन साहेबाचा आणि त्याच्या हातवाऱ्यांचा इतका संताप आला की थंडी वाजायची थांबली. थोड्या वेळाने अंधारून आलं. दूरवर क्षितिजाला लाली दिसली, म्हणजे भिलाई. वैजू आत्याबाईंच्या मांडीवर झोपली होती. त्यांनी यांना डिवचून उठवलं.

"कारे, तो रिलीवर नाई आला, अन् तू उठून आला असता, तं काय झालं असतं?"

हे झोपेतच म्हणाले, "माय, आतलं लोखंड गोठते. मग ते निंगत नाई, भट्टी फोडा लागते. म्हणून दुसऱ्यानं हात लावला का मगच आपला हात काढाचा."

"हूं," आत्याबाई म्हणाल्या, आणि गोधडी वैजूवर ओढली.

संक्रांत झाली. माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आईला न्यायला आले. गाठोडं दोन दिवसांपासून बांधून दाराशी ठेवलेलं. शाळेत जाऊन 'जमणार नाही' असं कळवायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. तिळगूळ दिला, चहा झाला. भासरे म्हणाले, "चाल माय, गाडीचा टाइम झाला."

आत्याबाई वैजूला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. "चालतो," त्या म्हणाल्या. "माही रिलीवर कुठं हाये?"

"काय म्हणते माय?" भासऱ्यांनी मला विचारलं.

"हे सून शाळेत जाईन. हा भट्टीवर जाईन. मंग पोट्टीले कोन धरन? दुसऱ्यानं हात लावल्याबिगर आपला हात काढाचा नाई, असं तुहा भाऊ म्हने. मी बी नाई काढत. तू जाय."

भासरे एकटे गेले. जाताना म्हणाले, कारखान्याचं पाणीच खराब आहे.

इथे थांबले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण पुढे जे झालं ते मीच भोगलं. वैजू पहिलीत जाईपर्यंत आत्याबाईंनी तो नियम माझ्यावर चालवला. दुपारी मी शाळेतून आले की त्या दारात उभ्या. "आली माही रिलीवर!" चप्पल काढायच्या आत पोर माझ्या कडेवर. पाणी प्यायचंय, हातपाय धुवायचेत, कारण चालायचं नाही. त्यांची ड्यूटी संपली. मग टोंगळे धरत, सिमेंटला शिव्या देत, त्या रामटेकेबाईंकडे निघायच्या. एकदा मी भाजी घ्यायला थांबले आणि उशिरा आले, तर त्यांनी ओव्हरटाइम म्हणून माझ्याकडून पान वसूल केलं. मी चिडायचे. रोज चिडायचे. आणि रोज सकाळी, शाळेत वर्गाचं दार उघडताना, एकदाही मागे वळून घराकडे बघायची गरज पडली नाही.

वैजू पहिलीत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाठोडं बांधलं. मी म्हटलं, "राहा ना आत्याबाई." त्या म्हणाल्या, "आता काहाले?" आणि गेल्या. गुडघ्यांना शेवटपर्यंत आराम पडला नाही.

काल संध्याकाळी नंदिनीच्या या क्वार्टरमध्ये मी नातीला घेऊन दाराशी उभी होते. दवाखान्याची वेळ संपून गेली होती, वैजूचा पत्ता नव्हता. खाणीकडून गार वारा येत होता. गुडघे ठणकत होते. सिमेंट चावतं, हे खरं आहे, मला कबूल करावं लागतं. पोर जड झाली होती, तिला खाली ठेवता आलं असतं. ठेवली नाही. शेवटी वैजू आली, पर्स अजून खांद्यावर, आणि मी पोर तिच्या हातात दिली.

"आई! मला पाणी तरी पिऊ दे."

"प्यायचं नंतर," मी म्हटलं.

ती पोरीला घेऊन तशीच पायरीवर बसली. मी तिचे हात पाहिले. एक पोरीखाली, एक पर्सच्या पट्ट्यात अडकलेला. मग आत जाऊन जावयाला सांगितलं की कुंडावर जाऊ. मी पाण्यात उतरणार नाही, त्याने गुडघ्यांना काही फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. पण काठावर पोर घेऊन बसायला कुणीतरी लागतं. वैजूला उतरू दे.

तो इतका खूश झाला की त्याने लगेच येता रविवार ठरवला. मग डोकं खाजवत म्हणाला, "आई, फक्त एक आहे. या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे. पण सकाळी गेटवरून परस्पर निघू."

मी वैजूला म्हटलं, पुऱ्या जास्त तळून घे.